चाकूच्या पोलादातील कार्बाईड : स्वरूप, वर्तन आणि धारेवरील परिणाम

बीजसंज्ञा : पोलाद, कार्बाईड, सिमेंटाइट, काठिण्य, चिवटपणा, वूट्झ

प्रस्तावना

चांगल्या चाकूचे पोलाद कोणते, असे विचारले असता विक्रेता ‘हाय कार्बन’ हे एकच विशेषण पुढे करतो आणि ग्राहकही त्यावर समाधान मानतो. कार्बन जितका अधिक तितके पोलाद कठीण, आणि पोलाद जितके कठीण तितकी धार टिकाऊ, अशी ही सरळ साखळी आहे. यातील पहिला दुवा एका मर्यादेपर्यंतच खरा आहे आणि दुसरा दुवा प्रत्यक्ष वापरात बऱ्याच वेळा तुटतो. समान काठिण्य असलेल्या दोन पात्यांपैकी एक महिनाभर धार धरते व दुसरे आठवड्यात बोथट होते. एक पाते हाडावर आपटले तरी शाबूत राहते व दुसऱ्याचा टवका उडतो. हा फरक पोलादातील कार्बाईडच्या कणांमुळे पडतो. हे कण कशाचे आहेत, किती आहेत, केवढे आहेत आणि कोठे बसले आहेत, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पात्याविषयी काहीही निश्चित सांगता येत नाही.

प्रस्तुत लेखात हे वर्तन धातुशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. रसायनशास्त्राच्या पदवी वर्गात आपण प्रावस्था नियम शिकवितो, परंतु उदाहरण म्हणून सहसा शिसे-चांदी ही प्रणाली घेतो. लोह-कार्बन प्रणाली अभियांत्रिकीच्या वाट्याला गेली आहे. वस्तुतः विद्यार्थ्याच्या घरातील विळी, कोयता व खुरपे यांचे सारे गुणधर्म याच प्रणालीत दडलेले असतात, ही बाब प्रस्तुत लेखकास खटकते.

कार्बनला लोहात जागा किती?

लोह व कार्बन यांचे संयुग म्हणजे लोह कार्बाईड. धातुशास्त्रात त्यास सिमेंटाइट म्हणतात. त्यात लोहाच्या तीन अणूंमागे कार्बनचा एक अणू असतो आणि वजनाने कार्बनचे प्रमाण ६.६७ टक्के भरते. हे संयुग चिनी मातीच्या भांड्यासारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ असते.

सामान्य तापमानाला शुद्ध लोहाच्या स्फटिकात कार्बनला जवळजवळ जागाच नसते. ७२७ अंश सेल्सिअसलासुद्धा ही मर्यादा केवळ ०.०२ टक्क्यांच्या आसपास असते. त्या तापमानाच्या वर मात्र लोहाची स्फटिकरचना बदलते व ऑस्टेनाइट ही अवस्था तयार होते. तिच्यात कार्बन सहज विरघळतो. ७२७ अंशांना ०.७७ टक्के आणि ११४८ अंशांच्या सुमारास २.१ टक्क्यांपर्यंत. म्हणजेच तापलेले पोलाद हे एक घन द्रावण होय. पाण्यात साखर विरघळावी त्याप्रमाणे त्यात कार्बाईड विरघळते आणि पोलाद थंड होऊ लागले की कार्बन पुन्हा बाहेर पडू पाहतो. संथपणे थंड होऊ दिल्यास त्याला बाहेर पडून कार्बाईड बनण्यास वेळ मिळतो. पाण्यात किंवा तेलात एकदम बुडविल्यास तो मिळत नाही. कार्बनचे अणू स्फटिकात अडकून राहतात, स्फटिक ताणला जातो आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण अवस्था निर्माण होते. लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतो ती क्रिया हीच.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावयास हवी. मार्टेन्साइटचे काठिण्य त्यात विरघळलेल्या कार्बनबरोबर वाढते, पण सुमारे ०.६ टक्क्यांनंतर ही वाढ जवळजवळ थांबते. त्यापुढील कार्बन विरघळविला तर मार्टेन्साइट ठिसूळ होते आणि काही ऑस्टेनाइट न बदलता तसेच मागे उरते, जे मऊ असते. मग एक किंवा दीड टक्का कार्बन असलेले पोलाद घ्यावयाचेच कशासाठी? तर तो जादा कार्बन विरघळू न देता कार्बाईडच्या कणांच्या रूपात शिल्लक ठेवण्यासाठी.

बेअरिंगसाठी वापरले जाणारे व आपल्या बाजारात ई.एन. ३१ या नावाने मिळणारे पोलाद हे याचे सोपे उदाहरण आहे. त्यात सुमारे १ टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असते. ते ८४५ अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडविले जाते. त्या वेळी द्रावणात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. उरलेला ०.४ टक्के कार्बन सिमेंटाइटच्या कणांत राहतो. तरफेच्या नियमाने हिशेब केल्यास ०.४ ला ६.०७ ने भागून सुमारे साडेसहा टक्के कार्बाईड मिळते. पोलादाच्या शंभर ग्रॅमच्या पात्यात साडेसहा ग्रॅम इतके हे कण असतात आणि त्यांचा आकार सहसा एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. एवढी गोळाबेरीज फळ्यावर पाच मिनिटांत करता येते.

हे कण केवळ झीज रोखत नाहीत. पोलाद तापत असताना ते ऑस्टेनाइटच्या रवाळ कणांच्या सीमांना खिळ्यांप्रमाणे जखडून ठेवतात. अति तापमानामुळे कार्बाईड पूर्ण विरघळले की हे खिळे निघून जातात, रवे झपाट्याने मोठे होतात आणि पाते काचेसारखे मोडते. मोडलेल्या भागाचा पोत साखरेच्या दाण्यांसारखा भरड व चमकदार दिसल्यास पाते भट्टीत जळाले, असा जो कारागिरांचा निर्णय असतो, तो या दृष्टीने अचूक आहे.

कणांचा आकार आणि जागा

एकाच रासायनिक घटनेचे दोन तुकडे घेतले तरी कार्बाईडच्या मांडणीनुसार त्यांचे गुण पूर्णतः भिन्न असू शकतात. १ टक्का कार्बनचे पोलाद उच्च तापमानापासून संथपणे थंड झाले तर जादा कार्बाईड रव्यांच्या सीमांवर जमा होते व सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता जाळीसारखे दिसते. तड जाण्यासाठी ही आयती वाट असते. अशा पात्याला पाणी दिले तर ते त्याच वेळी तडकण्याची शक्यता असते आणि टिकलेच तर पहिल्या धक्क्यात तुटते. हीच जाळी मोडून तिचे गोल कण केले की पोलाद सुधारते. त्यासाठी पोलाद प्रथम एवढे तापवावयाचे की जाळी विरघळेल, हवेत थंड करावयाचे, आणि त्यानंतर ७२७ अंशांच्या जवळपास दीर्घकाळ ठेवून कार्बाईडला गोलाकार घेऊ द्यावयाचा. गोल होण्यामागील कारण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना सांगावयास नको. पाण्याचा थेंब ज्या कारणाने गोल होतो तेच. पृष्ठभागाची ऊर्जा कमीत कमी व्हावी, हाच येथेही नियम आहे. याच नियमाने लहान कण विरघळून मोठे कण अधिक मोठे होत जातात, म्हणून ही क्रिया अमर्याद काळ चालू ठेवणेही हितावह नसते.

कार्बाईडच्या आकाराचे महत्त्व धारेच्या मापाशी तुलना केल्यावर उमगते. चांगल्या धारेच्या टोकाची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. डी-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साच्यांच्या पोलादात (सुमारे १.५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम) कार्बाईडचे कण वीस ते पन्नास मायक्रॉनपर्यंत आढळतात. एक मायक्रॉनच्या टोकात तीस मायक्रॉनचा खडा बसणार कसा? तो एक तर धारेबाहेर डोकावतो, नाही तर निसटून पडतो व तेथे खाच राहते. अशा पात्याची धार दोर किंवा पुठ्ठा कापण्यास उत्तम असते, कारण तिचे रूप सूक्ष्म करवतीसारखे होते. दाढीच्या पात्यासाठी मात्र ती निरुपयोगी ठरते. म्हणूनच दाढीची पाती सुमारे ०.६७ टक्के कार्बन व १३ टक्के क्रोमियम असलेल्या एईबी-एल या स्वीडनमधील पोलादासारख्या मिश्रधातूंपासून करतात. त्यात कार्बाईड थोडे व अतिशय बारीक असते.

भट्टीतून न विरघळणारे कार्बाईड

वर उल्लेखिलेले डी-२ मधील मोठे कण कोणत्याही उष्णतोपचाराने नाहीसे होत नाहीत, याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. साध्या पोलादात कार्बाईड घन अवस्थेत तयार होते, म्हणून घन अवस्थेतच विरघळविता येते. अधिक कार्बन व अधिक क्रोमियम असलेल्या पोलादात ते थेट वितळलेल्या रसातून, पोलाद गोठत असतानाच बाहेर पडते. त्याला प्राथमिक कार्बाईड म्हणतात. लाटणे व ठोकणे यांमुळे त्याचे तुकडे होऊन ते ओळीने पसरतात, एवढेच.

कार्बाईडचे रसायनही येथे बदलते. विकर्स मापनपद्धतीनुसार पाणी दिलेल्या पोलादाचे काठिण्य सुमारे ८०० ते ९००, सिमेंटाइटचे १००० च्या आसपास, क्रोमियम कार्बाईडचे १५०० ते १८०० आणि व्हॅनेडियम कार्बाईडचे २६०० ते २८०० असते. धार लावण्याच्या दगडातील कुरुंदाचे काठिण्य २००० च्या आसपास आहे. यावरून एक व्यावहारिक गोष्ट उलगडते. व्हॅनेडियमयुक्त महागडा चाकू नेहमीच्या दगडावर कितीही घासला तरी समाधानकारक धार येत नाही, अशी तक्रार ऐकू येते. दगड तेथे भोवतालचे पोलाद कापतो, कार्बाईडच्या कणांना मात्र त्याला कापता येत नाही. अशा चाकूला हिऱ्याच्या भुकटीची पट्टी लागते. ग्राहकाने चाकूबरोबर ती पट्टीही विकत घेण्याची तयारी ठेवावी, अन्यथा साधे पोलाद घ्यावे.

प्राथमिक कार्बाईडवर परिणामकारक तोडगा निघाला तो १९७० च्या सुमारास. अमेरिकेतील क्रूसिबल कंपनीने व स्वीडनमधील पोलाद उद्योगाने पोलादाच्या रसाची धार वायूच्या झोताने फोडून तिचे सूक्ष्म थेंब करण्याची पद्धत औद्योगिक स्तरावर आणली. थेंब इतका लहान असतो की तो क्षणार्धात गोठतो आणि कार्बाईडला वाढण्यास अवधीच मिळत नाही. ही भुकटी नंतर उष्णता व दाब यांच्या साहाय्याने सांधून अखंड ठोकळा केला जातो. त्यातील कार्बाईड दोन ते चार मायक्रॉनच्या आसपास राहते. यामुळेच जवळजवळ दहा टक्के व्हॅनेडियम असलेले पोलादही ठोकण्याजोगे झाले. जुन्या पद्धतीने ओतले असते तर त्याचे पाते होण्याऐवजी खडी झाली असती.

गंजरोधाचा हिशेब

स्टेनलेस म्हणजे क्रोमियम, हे समीकरण सर्वपरिचित आहे. तरीही १२ टक्के क्रोमियम असलेले डी-२ गंजते. असे का व्हावे? गंजापासून संरक्षण करणारा ऑक्साइडचा पापुद्रा तयार करण्याचे काम द्रावणात मोकळे असलेले क्रोमियम करते. कार्बाईडमध्ये बांधले गेलेले क्रोमियम त्या कामी येत नाही. डी-२ मध्ये क्रोमियमचा मोठा हिस्सा, साधारणतः निम्मा, कार्बाईडच्या कोठारात कुलूपबंद असतो. खात्यावर रक्कम दिसते, पण ती काढता येत नाही, असा हा प्रकार आहे. म्हणून ४४०-सी सारख्या स्टेनलेस पोलादात सुमारे १७ टक्के क्रोमियम घालावे लागते. त्यातील काही भाग कार्बाईड खाणार, हे गृहीत धरूनच.

या हिशेबातून बाहेर पडण्याचा एक मार्ग अलीकडे सापडला. २०२१ मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी आखलेले मॅग्नाकट हे भुकटी पद्धतीचे पोलाद बाजारात आले. त्यात क्रोमियम केवळ १०.७ टक्के आहे, म्हणजे डी-२ पेक्षाही कमी. परंतु कार्बन १.१५ टक्क्यांवर ठेवून व्हॅनेडियम आणि नायोबियम यांची जोड अशी साधली आहे की कार्बन त्यांच्याशीच संयोग पावतो आणि योग्य उष्णतोपचारानंतर क्रोमियम कार्बाईड शिल्लक राहत नाही. जवळजवळ सर्व क्रोमियम द्रावणात मोकळे राहते. परिणामी हे पोलाद गंजरोधात आपल्यापेक्षा अधिक क्रोमियम असलेल्या अनेक पोलादांच्या पुढे जाते आणि मोठे कण नसल्याने चिवटही राहते. घटकांच्या टक्केवारीवरून पोलादाची प्रत ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण आवर्जून अभ्यासावे.

दख्खनचे वूट्झ

कार्बाईडच्या मांडणीचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र आधुनिक कारखान्यातील नाही. ते दक्षिण भारतातील मुशीत तयार होणाऱ्या वूट्झ पोलादाचे आहे. कन्नडमधील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद. त्याचाच हा अपभ्रंश मानला जातो. लोखंडाचे तुकडे तरवडाचे लाकूड व रुईची पाने यांसह मातीच्या मुशीत बंद करून तापविल्याच्या नोंदी दक्षिणेतून मिळतात. तत्कालीन हैदराबाद संस्थानातील कोनसमुद्रम येथे दोन प्रकारचे लोखंड एकत्र वितळवीत असत. हेन्री व्हॉयसी यांनी केलेले तेथील वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यात पोलाद खरेदीसाठी येणाऱ्या इराणी व्यापाऱ्यांचाही उल्लेख आहे. मराठवाडा त्याच संस्थानाचा भाग होता, हे इतिहासाच्या सहकाऱ्यांच्या नजरेस आणून द्यावेसे वाटते. युरोपात जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये आणि मायकेल फॅरेडे यांनी १८१९ मध्ये वूट्झच्या परीक्षणावर निबंध लिहिले. फॅरेडे यांचे नाव आपण विद्युतचुंबकत्वासाठी घेतो. त्यांच्या आरंभीच्या संशोधनात भारतीय पोलाद होते, हे विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही.

वूट्झमध्ये कार्बन सुमारे १.२ ते १.८ टक्के असतो. त्यापासून घडविलेल्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. ही नक्षी म्हणजे कार्बाईडच्या कणांच्या रांगा होत. आम्लाने पृष्ठभाग खाल्ल्यावर कार्बाईड पांढरे व भोवतालचे पोलाद गडद दिसते. हे कण अशा रांगांत का उभे राहतात, हा प्रश्न जवळजवळ दोन शतके सुटला नव्हता. जॉन व्हर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि अल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी जुन्या पात्यांचे विश्लेषण व प्रत्यक्ष घडाई यांची सांगड घालून १९९८ मध्ये त्याचे उत्तर मांडले. मुशीतील रस संथपणे गोठताना झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात आणि अशुद्धी त्या फांद्यांमधील फटींत साचतात. ठोकल्यावर या फटी चपट्या होऊन थर बनतात. पाते वारंवार तापविले व थंड केले असता ज्या थरांत व्हॅनेडियमसारखे कार्बाईडप्रिय मूलद्रव्य किंचित अधिक असते, तेथील कण टिकतात व वाढतात. इतरत्रचे विरघळून जातात. यासाठी व्हॅनेडियम ०.००३ टक्के इतके अत्यल्पही पुरते. कणांच्या रांगांमधील अंतर तीस ते सत्तर मायक्रॉन असते, म्हणून ती नक्षी नुसत्या डोळ्यांनाही जाणवते.

यातून व्हर्होवेन यांनी असेही सुचविले की विशिष्ट खाणींतील धातुक संपल्यावर नक्षी उमटेनाशी झाली व ही कला लोपली. हे अनुमान आकर्षक असले तरी प्रस्तुत लेखकास ते एकट्याने पुरेसे वाटत नाही. स्वस्त आयात पोलाद, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलांवरील निर्बंध आणि शस्त्रांची घटलेली मागणी ही कारणे धातुकाच्या रसायनाइतकीच विचारात घ्यावी लागतील. तसेच २००६ मध्ये ड्रेस्डेन येथील संशोधकांना एका जुन्या तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्यानंतर ‘प्राचीन भारतीयांना नॅनो तंत्रज्ञान ज्ञात होते’ अशी विधाने होऊ लागली. कारागिराला कोणत्या रंगापर्यंत तापवावे व केव्हा थांबावे हे ज्ञात होते, आणि ते पुरेसे थोर आहे. दीड टक्का कार्बनचे पोलाद साध्या लोखंडाप्रमाणे पांढऱ्या तापापर्यंत नेल्यास त्याचा काही भाग वितळून ते घणाखाली चुरते. लालसर तापात, संयमाने, कित्येक वेळा ठोकूनच ते हाती लागते. व्याख्यानांतून या संयमाचे वर्णन करण्याऐवजी नळ्यांचा डंका पिटला जातो, हे खेदजनक होय.

एक सावधगिरीची सूचनाही येथे करणे आवश्यक आहे. वूट्झची पाती आजच्या पोलादाहून सर्व बाबतींत श्रेष्ठ होती, या समजास आधार नाही. अनेक जुन्या पात्यांना पाणी दिलेलेच नसे. भोवतालचे पोलाद तुलनेने मऊ राही आणि कापण्याचे काम बव्हंशी कार्बाईडचे कण करीत.

कोयता, सुरी आणि गावची भट्टी

आपल्याकडील ऊसतोडणीचा कोयता बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडविला जातो. त्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के असतो. म्हणजे योग्य तापमानाला सर्व कार्बाईड विरघळते व जादा काहीच उरत नाही. बाजाराच्या भाषेत हे ‘कमी कार्बनचे’ पोलाद ठरेल, पण दिवसभर आघात सोसणाऱ्या हत्याराला तेच योग्य आहे. त्या ठिकाणी डी-२ चे पाते दिले तर धार टिकेल, पण दगडावर बसताच टवका उडेल आणि नुकसान तोडणी कामगाराचे होईल. कोयत्यातील कार्बाईड जन्मते ते पाणी दिल्यानंतर पुन्हा हलके तापविताना, आणि तेही मायक्रॉनच्या लहानशा अंशाएवढे. दीडशे ते दोनशे अंशांना ते पोलादाला चिवट बनविते. साधारण २६० ते ३७० अंशांच्या पट्ट्यात मात्र ते पातळ पापुद्र्याच्या रूपात जमते आणि चिवटपणा उलट घटतो. पृष्ठभागावर जांभळी ते निळी झाक येते ती याच पट्ट्यात. म्हणून धारेकडील भाग पिवळसर छटेवरच थांबविणे, अथवा चिवटपणाच हवा असल्यास निळ्याच्या बरेच पुढे जाणे, हे दोनच सुरक्षित पर्याय राहतात.

गावच्या भट्टीत कोणते भंगार वापरावे, याचे उत्तरही कार्बाईडच देते. सिमेंटाइट आठशे अंशांच्या आसपास विरघळू लागते आणि ते तापमान लोहाराला रंगावरून, तसेच लोहचुंबक चिकटेनासे झाले की ओळखता येते. क्रोमियम कार्बाईडला हजार अंशांहून अधिक नियंत्रित ताप लागतो, हाय स्पीड पोलादाला बाराशेच्या जवळपास. भात्याच्या भट्टीत हे साधणे दुरापास्त आहे. यंत्राच्या हॅकसॉ पात्यापासून सुरी करणारे कारागीर ते न तापविता केवळ घासून आकार देतात. हा आळस नव्हे. कारखान्यात दिलेला उष्णतोपचार राखण्याचा तोच एक मार्ग आहे.

हे सर्व वर्गात पडताळून पाहण्यास मोठ्या सामग्रीची गरज नाही. स्प्रिंगचा पाटा, जुन्या बेअरिंगची कडी आणि कानस यांचे छोटे तुकडे आरशासारखे घासून अल्कोहोलमधील दोन टक्के नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवावेत व चारशे पटींच्या धातुपरीक्षण सूक्ष्मदर्शकाखाली न्यावेत. बेअरिंगच्या तुकड्यात गडद भूमीवर विखुरलेले पांढरे गोल ठिपके दिसतील, पाट्यात ते दिसणार नाहीत. कानशीचा एक तुकडा आधी अकराशे अंशांपर्यंत तापवून भट्टीतच संथपणे निवू दिला असेल, तर त्यात पांढरी जाळी दिसेल.